लाकडातली चूक

माझ्या घरी माळ्यावर एक उजवा पाय आहे. गुडघ्याखालचा, शिवणीच्या लाकडाचा, वर मांडीला बांधायचा कातडी पट्टा. दर दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो, सूनबाई विचारते, "बाबा, हा टाकू का आता?" आणि दर दिवाळीला मी तिच्यावर खेकसतो. यंदा या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा म्हणून. गमतीदार म्हणे! अहो, पाय तुटलेली माणसं यायची माझ्याकडे, जत्रेतली नव्हे. पण पत्र आलं त्याच दिवशी तो पाय खाली आला होता. म्हटलं, लिहूनच टाकू.

मी कृत्रिम पाय करायचो. नागपुरात मेडिकल कॉलेजच्या मागच्या बाजूला एका धर्मादाय संस्थेची टिनाची शेड होती, तिथं साठ सालच्या सुमारास चिकटलो तो केस पांढरे होऊन बाहेर पडलो. मूळचा मी सुताराचा पोरगा. दारं, खिडक्या, पाट, पोळपाट करत मोठा झालो. लाकडी पाय हेही सुतारकामच, फक्त गिऱ्हाईक लाकडाच्या आत उभं राहतं. सगळे मला मिस्त्री म्हणायचे. डॉक्टरसुद्धा.

धंदा कळायला सोपा आहे. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही खुंट म्हणायचो. त्या खुंटाचा प्लास्टरने साचा घ्यायचा, साच्याबरहुकूम लाकडात खोबण कोरायची, खाली पाऊल बसवायचं. शिवणीचं लाकूड हलकं असतं, तडकत नाही, चंद्रपूरकडून यायचं. सगळी मेख खोबणीत. माणसाचा भार खुंटाच्या टोकावर येता कामा नये, टोकाशी हाड असतं. तो बाजूंनी वाटून द्यायचा. कुठे दाबतंय ते बघायला आम्ही खुंटाला लिपस्टिक लावायचो. हसू नका. लाल रंग खोबणीत जिथं उमटेल तिथं गोल पटाशीने कोरायचं. ही लिपस्टिक आणायला मी सीताबर्डीत जायचो. एकदा ती सदऱ्याच्या खिशात राहिली आणि आमच्या घरात जी लढाई पेटली तिच्याबद्दल बायको हयात असेतो मी काही लिहिणार नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुने असायची. उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीतला एक जण आला, त्याच्या उरलेल्या पायाला सहा बोटं. म्हणाला, "मिस्त्री, याले बी सहा पाह्यजे, जोडा सारका दिसला पाह्यजे." दिली कोरून सहा. एका बाईने लाकडी बोटात जोडवं बसेल अशी खाच मागितली, तीही दिली. एक सावकारी थाटाचा माणूस दोन्ही पाय गमावून आला आणि म्हणाला, करायचेच आहेत तर मला चार बोटं उंच करा. त्याला मी बाहेर काढला होता, मग डॉक्टरांनी परत आत आणला. माझा स्वभाव तापटच. पण काम चोख. मला शिकवणारे उस्ताद डोळे मिटून गिऱ्हाइकाला चालायला लावायचे. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला की पाय झाला. त्यांचा एकच नियम होता. माणूस लंगडला तर माणसाला बोल लावायचा नाही, चूक लाकडात शोधायची. मी हा नियम तीस वर्षं पाळला, आणि एका माणसाच्या बाबतीत तो पाळला नसता तर बरं झालं असतं.

त्याचं नाव सुखदेव. उमरेडच्या पुढे त्याचं गाव. घरचे विणकर, छप्पन सालच्या धम्मदीक्षेला त्याच्या बापाने त्याला खांद्यावर बसवून आणलं होतं. सैन्यात लान्स नायक झाला, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेला गेला, आणि उजवा पाय पोटरीपाशी देऊन आला. पहिला पाय त्याला सैन्याच्या इस्पितळातून मिळाला होता. चांगला होता, कबूल करतो. पण दुरुस्तीला दर वेळी लांब जाणं परवडेना म्हणून तो माझ्याकडे आला. मी पाय उलटापालटा करून बघितला आणि म्हटलं, "बरा आहे. पन मी याहून बरा करून देतो." हा माझा ताठा.

त्याची गरज मोठी होती. माजी सैनिक म्हणून वीज कचेरीत त्याला मीटर वाचायची नोकरी लागली होती. तीन महिने बघणार, जमलं तर कायम करणार. बायको सुमन, दोन पोरी, कचेरीची एक खोली मिळायची आशा. काम काय, तर वही घेऊन जुन्या महाल भागातल्या गल्ल्यांमधून घरोघरी जायचं, दार वाजवायचं, आत मीटर असेल तिथं जाऊन आकडा लिहायचा. पाय नसलेल्या माणसाला इतकं चालायचं काम कुणी देत नाही, पण त्यानेच भांडून मागून घेतलं होतं. "मले बसून खायाची सवय नाई," म्हणाला.

मी केलेला पाय घालून तो आमच्या शेडमध्ये चालला तेव्हा मी डोळे मिटले. टप, टप, टप, टप. फरक शोधून सापडेना. मैदानात चालवलं, उतारावर चालवलं. वा रे मिस्त्री, असं मीच मला म्हणालो. पंधरा दिवसांनी तो परत आला.

"पाय अडते, मिस्त्रीभाऊ."

"कुठं अडते?"

"रस्त्यानं अडत नाई. दारात अडते. उंबऱ्यापाशी गेलो का दगडावानी होते."

माझ्या डोक्यात लगेच उत्तर तयार. उंबरा ओलांडताना पावलाचा पुढचा भाग अडतो, म्हणजे पाय लांब झाला. अर्धं बोट कमी केला. आठ दिवसांनी परत तेच. टाच तासली. परत तेच. मग सुमन एकटी आली. शिडशिडीत, ठाम बोलणारी बाई. म्हणाली, "सायबाकडं तक्रार गेली, भाऊ. हे दारापाशी जाऊन उभे राह्यतात, अन् दार वाजवतच नाई म्हणे. लोकं आतून पायतात, भेतात. तुमी पाय नीट करून द्या न भाऊ, नाईतर नोकरी जाते." आणि तिने माझ्यासमोर हात जोडले. मला राग आला. तिचा नाही, त्या लाकडाचा.

मी ठरवलं की एक दिवस त्याच्याबरोबर फिरायचं. सकाळी महालात गेलो. आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण मी तेव्हा नीट बघितलं नाही. गल्ली रुंद होती तोवर सुखदेव झपाझप चालत होता. गल्ली अरुंद झाली तसा तो मधून चालायचं सोडून भिंतीला लागला. खांदा भिंतीला घासत होता. दर चार पावलांना मान वर, माडीच्या खिडकीकडे. एका घरापाशी आला, पण दारासमोर गेला नाही. चौकटीच्या बाजूला, भिंतीला पाठ टेकून उभा राहिला आणि तिथून हात लांब करून कडीकडे नेला. हात कडीपासून वीतभर अंतरावर थांबला. कपाळावर घाम. आतून एक म्हातारी ओरडली, "कोन आहे गा तिकडं?" तर हा तिथल्या तिथे खाली बसला.

आणि मी काय बघत होतो? मी त्याचं पाऊल बघत होतो. सगळा वेळ माझे डोळे खाली. भिंतीशी वळताना पाऊल बाहेरच्या अंगाला पडतंय, म्हणजे खोबण फिरवून बसवायला हवी, असं मी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. म्हातारीला मी सांगितलं, "काही नाही आजी, नवीन पाय आहे."

खोबण फिरवली. लिपस्टिक लावली, लाल उमटलं तिथं कोरलं. आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. खोबण एका जागी कोरली की तिथला भार दुसऱ्या जागी सरकतो. तिथं कोरली की तिसऱ्या. चांगला मिस्त्री दोनदा कोरतो आणि थांबतो. मी चौथ्यांदा कोरत होतो. खुंटाच्या टोकाशी लाली आली होती. मी विचारलं, "दुखते का?" तो म्हणाला, "नाई." सैन्यातली माणसं अशीच. मी म्हटलं, घट्टा पडेल, बसेल जागेवर.

याच दिवसांत श्रीधरराव आले. ते एका वर्तमानपत्राचे बातमीदार, लढाईच्या वेळी पलटणीबरोबर पूर्वेला जाऊन राहिलेले. त्यांच्या बातम्या तेव्हा नागपुरात चौकाचौकात वाचल्या जायच्या. जवान पुन्हा पायावर उभे राहतात, असं काही लिहायला संपादकांनी त्यांना आमच्याकडे धाडलं होतं. उंच, गोरे, कपडे परीटघडीचे. मी खुर्ची दिली तर त्यांनी ती उचलून फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसले. बसल्या बसल्या दोनदा विचारलं, शेडला मागून दार आहे का.

सुखदेव तेव्हा कठड्याला धरून चालत होता. दोघांनी एकमेकांना बघितलं. सुखदेवने खाडकन सलाम ठोकला. श्रीधररावांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"तू वाचलास तर," ते म्हणाले.

"हो सायब." मग सुखदेव कठड्याच्या टोकाशी येऊन उभा राहिला. "सायब, एक विचारतो. मले नेल्यावर तुमी आत गेले होते न? त्या घरात?"

"गेलो होतो."

"आत कोनी होतं का?"

श्रीधररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शत्रूचे दोन शिपाई होते. बाकी घर रिकामं होतं."

"पक्कं?"

"पक्कं."

सुखदेवची नजर त्यांच्या चष्म्यावर होती. मग "बरं" म्हणाला, पाय बांधला, वही घेऊन कामावर गेला. श्रीधरराव जागचे हलले नाहीत. मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही. आणि मग, मी काही विचारलं नसताना, ते बोलायला लागले.

"मिस्त्री, लढाई म्हणजे तुम्हाला काय वाटतं? मैदान, खंदक, समोर शत्रू. मलाही तसंच वाटायचं. आम्ही एका नदीकाठच्या शहरात शिरलो. महालासारख्याच गल्ल्या होत्या हो, तशीच दारं, दारांवर तोरणंसुद्धा. शहरात शत्रू समोर नसतो. तो माडीवर असतो, न्हाणीघरात असतो, कुणाच्या तरी चुलीमागे असतो. चार दिवसांत आम्ही एक गल्ली पुढे गेलो. एक गल्ली! गल्लीतून चालायचं नाही, भिंतीला चिकटून जायचं. दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूला पाठ टेकायची. दार लाथेने उघडायचं, आत आधी हातगोळा टाकायचा, मग माणसाने जायचं. हा नियम. नियम मोडला की माणूस गेला. मला सांगून ठेवलं होतं, दोन दारं मागे राहा आणि आमचं झालं की ये. नऊ घरं मी त्यांच्या मागे गेलो."

"अन् दहावं?"

"दहाव्या दाराशी हा सुखदेव होता. मागे याचा जोडीदार, बिरजू. मी दोन दारं मागे. आतून खोकल्याचा आवाज आला. लहान पोराला डांग्या खोकला होतो ना, तसा. हातगोळा याच्या हातात, बोट गोळ्याच्या पिनेत. मी इथून बघतोय. याने हातगोळा टाकला नाही. याने तो पट्ट्याला परत अडकवला आणि दाराची कडी वाजवली. भर लढाईत, मिस्त्री, कडी वाजवली याने! आणि गावाकडे कुणाच्या घरी गेल्यासारखं ओरडला, 'कोन आहे घरात?' तेही मराठीत. तिथं कोणाला मराठी कळणार होतं?"

"मग?"

"मग दारातून आरपार गोळ्या आल्या. याचा पाय गेला. हा दारासमोर पडला, त्याला ओढायला बिरजू पुढे झाला, तो तिथंच संपला. पुढे दोन तास गोळीबार चालला. घर पडलं. मग मी आत गेलो."

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. "आत कोणी होतं?"

"दोन शिपाई होते. आणि चुलीमागे एक बाई होती, एक म्हातारा होता, आणि ते पोर होतं." त्यांनी बोटाने जमिनीपासून उंची दाखवली. खुर्चीच्या हाताएवढीच होती. "तिघंही गेलेले. मी लिहिलं नाही. कुणी अडवलं वगैरे नाही हो, उगाच कुणावर कशाला ढकलू. मीच कापलं. मीच 'वीर जवान घरात घुसला' असं लिहिलं, आणि लोकांनी पेढे वाटले. आता मी बाजारभाव लिहितो. तूर, कापूस, सरकी. माझा धाकटा रात्री खोकला की मी उठून रस्त्यावर जातो. बायको म्हणते, बाप आहात की कोण."

आता कुणीही म्हणेल, एवढं ऐकल्यावर मिस्त्रीच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. भिंतीला पाठ, खिडकीवर नजर, कडीपाशी थांबलेला हात, सगळं समोर होतं. नाही पडला. म्हणजे पडला असेलही, पण मी तो विझवला. मला दार दुरुस्त करता येत नव्हतं, पाय करता येत होता. मी श्रीधररावांना म्हणालो, "ते झालं ते झालं, साहेब. त्याचा पाय बाहेर पडतो आहे, तेवढी चूक सोमवारपर्यंत मी काढतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या नजरेची मला आजही लाज वाटते. ते गेले. परत कधी आले नाहीत. लेखही छापून आला नाही.

तीन महिने संपायला आठवडा राहिला होता. वीज कचेरीच्या साहेबांनी सुखदेवला सांगितलं होतं, या आठवड्यात नेमलेली सगळी घरं झाली तर कायम. मी पाचव्यांदा खोबण कोरली. पट्टा एक भोक आवळला. तो बांधून निघाला आणि त्या आठवड्यात त्याने सगळी घरं केली. कशी केली, ते मला नंतर सुमनने सांगितलं. ती बरोबर जायची. तो बाजूला भिंतीशी उभा राहायचा, ती दार वाजवायची, "मीटरवाले आले वं बाई" असं ओरडायची आणि मग तो आत जायचा. नवराबायकोने मिळून महाल पालथा घातला. शनिवारी शेवटचं घर झालं आणि तो तिथल्या ओट्यावर बसला तो उठलाच नाही. सुमनने पट्टा सोडला. लोकरी मोजा खुंटाला चिकटला होता, आणि वास आला.

दवाखान्यात मी गेलो तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, हे किती दिवस चाललं होतं? हाड दिसतंय." विष वर चढलं होतं. त्यांनी गुडघ्याच्या वरून कापला.

गुडघा म्हणजे काय, ते पाय असलेल्यांना कळत नाही. गुडघा आहे तोवर माणूस चालतो. तो गेला की माणूस पाय ओढतो. नोकरी गेली. कचेरीवाल्यांनी वाईट केलं नाही, घरं पुरी केली म्हणून त्यांनी त्याला फाटकावर बसायचं काम देऊ केलं. पण फाटकावर येणारा प्रत्येक जण पत्रा वाजवतो. चार दिवसांत त्याने ते सोडलं आणि गावी गेला. जाण्याआधी सुमन माझ्याकडे तो पाय घेऊन आली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. ती म्हणाली, "हे म्हणतात, मिस्त्रीले वापस दे, मेहनत केली त्यानं."

तोच पाय माझ्या माळ्यावर आहे.

गुडघ्यावरचा नवा पाय घेऊन मी त्याच्या गावी गेलो. घराला चौकट होती, कवाड नव्हतं. बिजागऱ्या तेवढ्या लोंबत होत्या, वर एक जुनं लुगडं बांधलं होतं. थंडीचे दिवस, आत पोरी गोधडीत. मी सुमनला विचारलं, "कवाड काहून काढलं?" ती मागावर बसली होती, हात न थांबवता म्हणाली, "कोनी वाजवलं का हे दोन दोन दिवस जेवत नाई. मंग म्या काढूनच टाकलं. वाजवायले काही ठेवलंच नाई." त्यानंतर मी दर वर्षी जायचो. पट्टे बदलायला जातो असं सांगायचो. लुगड्याबाहेर उभा राहून लांबूनच हाक मारायचो, "सुखदेव, मी मिस्त्री आलो गा." आमचं बोलणं पाऊसपाण्याचं, पोरींच्या लग्नाचं. दाराचा विषय कधी निघाला नाही.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. मग माझ्याकडे मालती नावाची बाई आली. बंगाली निर्वासितांची वस्ती आहे ना चामोर्शीकडे, तिथली. लहानपणी तोफगोळ्याने पाय गेला होता, कुबडीवर वाढली. साचा घेताना मी गावाचं नाव विचारलं आणि तिने सांगितलं ते ऐकून माझ्या हातातलं प्लास्टर वाळलं. श्रीधररावांनी सांगितलेलं तेच नदीकाठचं शहर. तिचं घर तेच होतं असं मी म्हणत नाही. त्या घरातलं कुणी उरलंच नव्हतं. पण मी विचारलं, "लढाईत तुमच्या दारावर कोणी आलं होतं का?"

तिचं मराठी मोडकं होतं, मध्ये हिंदी. म्हणाली, "बहुत बार आलं. कडी वाजवलं. बाबा आमच्या सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवला. उघडलं नाही."

"समजा वाजवणारा भला माणूस असता तर?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू या म्हाताऱ्याला एवढंही कळू नये. "आतून कसं कळणार, दादा? भला वाजवला तरी आवाज तोच."

दुसऱ्याच दिवशी मी उमरेडची एसटी पकडली. मनात धरून गेलो की हे सुखदेवला सांगायचं. तू वाजवलंस ते बरोबर होतं की चूक, मला माहीत नाही, पण आतल्यांनी उघडलंच नसतं, तुझ्या हातात काही नव्हतं. तेवढंच सांगायचं. लुगड्याबाहेरून हाक मारली, आत गेलो. तो खाटेवर बसून मागासाठी सुताची कांडी भरत होता. मी मालतीचं सगळं सांगितलं, आतल्यांनी उघडलंच नसतं हेही. त्याने कांडी खाली ठेवली.

"म्हंजे आत कोनी होतं," तो म्हणाला. "तो पेपरवाला खोटं बोलला न, मिस्त्रीभाऊ?"

मी गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोललो नाही. पाय बसणार नसेल तर बसणार नाही म्हणून सांगायचो. म्हटलं, "हो. बोलला."

"लेकरू होतं?"

"हो."

तो मान हलवत राहिला. माझ्यावर चिडेल, रडेल, काय करेल याची मी वाट बघत होतो. मागाचा आवाज थांबला होता.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "खोकला म्या माया कानानं आयकला होता. सायब सांगून राह्यला रिकामं होतं, तवाच समजलो."

"मग बोलला काहून नाही? मी मूर्खासारखा लाकूड तासत राहिलो. तुझा गुडघा गेला माझ्या हातानं!" माझा आवाज चढला. एवढ्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं, आणि तेही कुणावर, तर त्याच्यावरच. असा माझा स्वभाव.

तो शांतपणे म्हणाला, "तुमी तासत होते तवर मले वाटे, लकडीतच चूक असन. आज नाई निघाली, उद्या निघन. म्हून दुखलं तरी सांगतलं नाई. सांगतलं असतं तर तुमी थांबले असते."

मी खाली त्याच्या पायाकडे बघितलं. सवयच ती. मग मुद्दाम मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघत होतो बहुतेक. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक होता आणि सतत चौकटीकडे जात होता.

सुमन मागावरून उठली. पाणी दिलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पोरीचं बाळंतपण इथंच होईन. थंडी हाय. कवाड बसवू का अवंदा?"

सुखदेवने कांडी परत उचलली.

"बसव," सुखदेव म्हणाला. "कडी नको लावू."

ते कवाड मीच करून दिलं. बापाने शिकवलेलं काम इतक्या वर्षांनी परत हातात घेतलं, शिवणीचंच लाकूड वापरलं, पोरगी बाळंतपणाला यायच्या आधी नेऊन बसवलं. बाहेरच्या बाजूला कडीसाठी भोक पाडलं नाही.